धन्यवादानंतरचं

"यांचं यंत्र सुरू झालं की आमचा पंखा बंद. गोष्ट यांना हवी आणि घाम आमचा."

ही कुरकुर माझ्या कानात झाली, अगदी पडद्याला खेटून. कुरकुरणारी म्हातारी माझ्यापासून बसनं दीड तासावर राहते आणि तिला मी तोवर एकदाही समोर पाहिलेलं नव्हतं. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत टेप उतरवते. बातमीदार मुलाखत घेऊन येतो, कॅसेट माझ्या टेबलावर टाकतो, मी हेडफोन चढवते आणि ऐकलेलं टाइप करून देते. अशी पंचवीस वर्षं झाली. त्यामुळे जगातली पुष्कळ माणसं मला नुसत्या आवाजानं ओळखीची आहेत. कोण खोटं बोलण्याआधी घसा खाकरतं, तेही मला माहीत असतं. उद्या रस्त्यात समोरून आली तर मात्र मी त्यांना वाट देऊन पुढे जाईन.

या कामाचे दोनच नियम. पहिला, बोलणं स्वच्छ करून टाइप करायचं. खोकला, हसू, 'अं', 'म्हणजे', मध्येच बायकोला मारलेली हाक, सगळं गाळायचं. दुसरा, बातमीदार 'धन्यवाद' म्हणाला की बोटं थांबवायची. हा नियम आमच्या साहेबांचा, म्हणजे संपादकांचा. "धन्यवादानंतरचं आपलं नाही, बाई," असं त्यांनी मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं.

बोटं मी थांबवते. हेडफोन काढत नाही. बातमीदार पिशवी आवरतात, चपला शोधतात आणि यंत्र बंद करायला विसरतात. खरं बोलणं तेव्हाच सुरू होतं. एवढं कपाट जरा भिंतीपासून ओढून द्याल का, आम्हा दोघींना हलत नाही. हा कागद सरकारी दिसतोय, काय म्हणतोय तो सांगा. तुमची गाडी दवाखान्यावरून जाते का? यावर बातमीदाराचं उत्तर ठरलेलं असतं, "बघतो." हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय की टाइपरायटरवर त्याची वेगळी कळ बसवली असती तरी ती झिजली असती.

म्हातारीकडे गेलेल्या बातमीदाराला आम्ही 'स्वल्पविराम' म्हणतो. त्याचं वाक्य कधी संपत नाही, नुसतं दम खातं. उंच आहे, दारातून वाकून जातो. मनानं वाईट नाही. एकदा टेपवर 'धन्यवाद' झाल्यावर खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग बायकांचा कलकलाट, मग "आता लागला बघा." त्यानं कोणाच्या तरी घरातला दिवा बदलून दिला होता. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "ते टाइप नका करू हं, साहेबांना कळलं तर म्हणतील, बातमीदार आहेस की वायरमन."

आता बोगद्याचं सांगते. दहा वर्षांपूर्वी डोंगरातून रस्ता नेण्यासाठी बोगदा खणत होते. एका सकाळी त्याचं छत खाली आलं. नऊ माणसं गेली. त्यांतला एक भोकं पाडायचं मशीन चालवायचा, सगळे त्याला ड्रिलवाला म्हणत. कुरकुरणारी म्हातारी त्याची आई. त्याची बायकोही तिथेच राहते, त्याच कामगारांच्या खोल्यांत, त्याच दोन खिडक्यांच्या खोलीत. दर वर्षी त्या तारखेच्या आधी स्वल्पविराम जातो, पंखा बंद करतो, दोघींना काय वाटतं ते विचारतो आणि आमच्याकडे अर्धं पान लागतं. फोटोतही तीच खाट असते. त्यावरच्या दोन बायका तेवढ्या दर वर्षी थोड्या लहान होत जातात.

या वर्षी दहावं, म्हणून पूर्ण पान होतं. मी उतरवत होते. प्रश्न झाले, उत्तरं झाली, 'धन्यवाद' झालं. बोटं थांबली. पंख्याचा खटका वाजला आणि वारा माइकवर घुमायला लागला.

"भाऊ, ते राहिलंच," ड्रिलवाल्याची बायको म्हणाली.

"शोधतोय, वहिनी."

"दहा वर्षं शोधताय."

"कचेरी केवढी आहे, कॅसेटी हजारो, मध्ये आम्ही मजलाही बदलला,"

"मला नको हो. माझं मी आठवणीवर भागवीन. पण आईंचा उजवा कान गेलाय आणि आता डावाही चाललाय. डॉक्टर म्हणाले, वर्ष काढलं तर पुष्कळ. तो कान आहे तोवर एकदा ऐकवा. मग कॅसेट घेऊन जा तुमची, आम्हाला ठेवायचीसुद्धा नाही."

स्वल्पविराम आवराआवर करायला लागला. पिशवीची चेन वाजली. आणि मग तिचा आवाज एकदम मोठा झाला, उबदार झाला, जणू ती माझ्या टेबलावर वाकली होती.

"बाई, तुम्ही ऐकताय ना? भाऊ सांगत होते, एक बाई असतात, त्या सगळं ऐकून उतरवतात. तर बाई, तुम्हीच शोधा आता. पुरुषांना कपाटातलं कधी सापडलंय का?"

टेप संपली, बटण आपोआप वर आलं. पंचवीस वर्षांत टेपमधून माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मी उगाचच पदर सारखा केला.

ती मागत होती ती कॅसेट कुठे आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं. छत पडायच्या तीन आठवडे आधी स्वल्पविरामानं ड्रिलवाल्याची मुलाखत घेतली होती. बोगद्याबद्दल नव्हे, कामगारांच्या खोल्यांतल्या पाण्याच्या नळाबद्दल. पाचव्या पानावर दोन कॉलम छापून आलं. मुलाखत झाल्यावर ड्रिलवाल्याला स्वतःचा आवाज ऐकायची हौस आली, तेव्हा स्वल्पविरामानं टेप मागे घेऊन थोडी ऐकवली. तो पोट धरून हसला म्हणे. म्हणाला, "हा मी? हा तर आमचा बाप बोलतोय." आणि म्हातारी, नवरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झालेली, हातातलं काम टाकून यंत्रापाशी येऊन बसली. हे मला त्या दोघींच्या मुलाखतींतून कळलं. त्या टेपवर ते नव्हतं. यंत्र एका वेळी एकच काम करतं, ऐकतं नाहीतर बोलतं.

तर ती कॅसेट.

आमच्याकडे कॅसेटी पुन्हा पुन्हा वापरतात. लेबलवर पेन्सिलनंच लिहायचं, मजकूर छापून आला की खोडरबरानं लेबल पुसायचं आणि कॅसेट पुसून ट्रेमध्ये ठेवायची. बाकीचे लोक पुसत नाहीत, जुन्यावरच नवं भरतात, त्यामुळे मंत्र्याचं भाषण संपलं की मागून कुठल्या तरी पोहणाऱ्या मुलीची मुलाखत निघते. मला हा गबाळेपणा खपत नाही. मी बाजूच्या यंत्रात कॅसेट घालून, माइक न लावता, दोन्ही बाजू रिकाम्या भरते. टायपिंग मी कुठल्या वर्गात शिकले नाही, टेप पुसणंही मला कोणी शिकवलं नाही. जे आपल्या हातांनी शिकावं लागतं ते माणूस जरा जास्तच नीट करतो.

छत पडलं त्या सकाळी कचेरीत एकच पळापळ होती. "बाई, कोऱ्या कॅसेटी द्या." ट्रे रिकामा झाला. मी खणातल्या पाच काढल्या. एकीवर लिहिलं होतं, 'बोगदा, कामगारांचा नळ.' मी ते वाचलं. बोगदा हा शब्दसुद्धा वाचला. पण त्या वेळी मला कोरी कॅसेट हवी होती आणि गेलेल्यांची नावं अजून आलेली नव्हती. मी दोन्ही बाजू पुसल्या, लेबल खोडलं, आणि कॅसेट स्वल्पविरामाच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. तिच्यावर ड्रिलवाल्याची बायको होती. पहिली दहा मिनिटं तिला बोलताच येत नव्हतं. मग म्हणाली, "हे तुमच्याशी बोलले होते ना मागं. तो आवाज आहे ना तुमच्याकडे?" मी टेप थांबवली आणि लेबल खिडकीच्या उजेडात धरलं. नव्या पेन्सिलीखाली जुनी पेन्सिल अजून पुसट दिसत होती.

तिचा आवाज जिथे संपला तिथून पुढे मी ती कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. मग उलटून दुसरी बाजू ऐकली. कुठेतरी कोपऱ्यात त्याचा एखादा खोकला राहिला असेल, निदान एक 'अं'. माझं काम चोख होतं. नुसती खरखर. ती कॅसेट मी ट्रेमध्ये परत ठेवली नाही, आणि त्यानंतर दहा वर्षांत मी ती बाजू किती वेळा ऐकली ते सांगणार नाही. शहाणी बाई खरखर ऐकत बसत नाही.

स्वल्पविरामाला मी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यानं साहेबांना सांगितलं. तिघांनाही माहीत होतं, तिघंही गप्प होतो.

या वर्षीचे कागद न्यायला तो आला तेव्हा मी पहिल्यांदाच धन्यवादानंतरचंही टाइप करून दिलं होतं. उभ्या उभ्या वाचत गेला आणि शेवटच्या पानावर आल्यावर बसला.

"तिला सांगायला हवं," मी म्हटलं.

"पहिल्या वर्षी कसं सांगणार होतो, ती उभी राहत नव्हती, दुसऱ्या वर्षी जरा सावरलेली, म्हटलं आता कशाला, तिसऱ्या वर्षी तिनं मला जेवायला बसवलं,"

"मग?"

"मग काय, जेवल्यावर सांगू?"

आम्ही दोघं साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब चष्मा कपाळावर चढवून बसले होते. असा चष्मा चढवला की ते शांत आहेत असं त्यांना वाटतं.

"दहाव्या वर्षाचं पान लागू द्या," ते म्हणाले. "मग सांगा हवं तर. आत्ता सांगितलंत तर दार बंद होईल."

"मागच्या वर्षी नवव्याचं पान होतं, साहेब."

"बाई, आपण आरसा आहोत. आरशानं कोणाच्या घरात सामान उचलायला जायचं नसतं."

"आरशासमोरून उठताना माणूस निदान केस तरी सारखे करून उठतो. हिचं काय सारखं झालं?"

साहेबांनी चष्मा खाली घेतला. "आपण सतत लिहीत राहिलो म्हणून चौकशी झाली. बोगद्याला खांब लागले. आज हजारो लोक तिथून सुखरूप जातात. ही मदत नाही?"

"आहे की," मी म्हटलं. "ती बोगद्याला झाली."

मी असं काही बोलेन, हे मलाच माहीत नव्हतं. साहेब रागावले नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाले, "मला तरी कुठे झोप लागते," आणि समोरचा कागद उचलला. म्हणजे आम्ही जायचं.

घरी गेले तर नवरा दाढी करत गुणगुणत होता. त्याचं गाणं म्हणजे बादली फरशीवरून ओढावी तसं. लग्नानंतर वीस वर्षं मी त्याला म्हणत होते, पुरे आता. गेली दहा वर्षं म्हणत नाही. त्याला वाटतं, गळा सुधारला.

त्या दिवशी मी दारात उभी राहून पूर्ण गाणं ऐकलं. त्यानं आरशातून विचारलं, "काय झालं? कोणी मेलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "चालू दे."

मग मी एक गोष्ट केली. ड्रिलवाल्याच्या मुलाखतीची कार्बन प्रत जुन्या फायलीत होती, सव्वादोन पानं. मी ती घरी आणली आणि मी जे जे गाळलं होतं ते पेन्सिलनं ओळींच्या मध्ये भरायला बसले. प्रत्येक उत्तराआधी त्याचं 'हे बघा'. तिसऱ्या प्रश्नाला धुळीचा खोकला, दोनदा, मग 'माफ करा'. नळाचं पाणी म्हणजे रुसलेला जावई, तो वाक्य म्हणाला आणि स्वतःच आधी हसला, हसू नाकातून. मध्येच, "आई, तू बस ना, साहेबांना बोलू दे." साहेब म्हणजे इथे स्वल्पविराम. कॅसेट उलटल्यावर सुरुवातीलाच अर्धी शीळ. दहा वर्षं मनात फिरवत होते म्हणून हे राहिलं. जिथे खात्री नव्हती तिथे मी टिंबं दिली. माणूस परत आणता येत नाही म्हणून काही त्याच्या तोंडी आपल्या मनचं घालायचं नसतं.

सुट्टीच्या दिवशी मी बसला उभी होते, तर मागून उंच सावली आली.

"मीपण येतो," स्वल्पविराम म्हणाला. "तुम्हाला घर सापडणार नाही,"

घर सोपं होतं, रांगेतलं शेवटून दुसरं. दीड तासात तो तीन वेळा म्हणाला, "आपण आधी जरा बोलू, मग अंदाज घेऊ," आणि तिन्ही वेळा मी खिडकीबाहेर पाहिलं. बस त्या बोगद्यातूनच गेली. आत दिवे आहेत, खांब आहेत. कोणी संभाषण थांबवलं नाही.

दार ड्रिलवाल्याच्या बायकोनं उघडलं. मी "नमस्कार" म्हणाले आणि तिला फक्त आवाजानं ओळखलं, कारण फोटोतली बाई वेगळी दिसते. तिनं मला अजिबात ओळखलं नाही. ओळखणार कशी, मी तिच्या कधी कानावर पडलेच नव्हते.

"मी टाइप करणारी," मी म्हटलं.

तिचा हात तोंडावर गेला. मग ती आत वळून मोठ्यानं म्हणाली, "आई, बाई आल्या. कॅसेटवाल्या बाई आल्या."

म्हातारी खाटेवर होती, मी समजत होते त्याहून खूप लहानखुरी. कुरकुरीच्या मानानं ही एवढीशी. स्वल्पविराम वाकून आत आला आणि सवयीनं त्याचा हात पंख्याच्या खटक्यावर गेला. पंखा थांबला.

"अरे उंटा, आज यंत्र कुठंय तुझं?" म्हातारी म्हणाली. "की आता नुसतंच उकडवायचं ठरवलंयस?"

त्यानं पंखा पुन्हा लावला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

स्टुलावर एक टेपरेकॉर्डर होता, नव्या टॉवेलनं झाकलेला. वायर आधीच भिंतीत खोचलेली होती. "शेजारच्यांचा आहे," ती म्हणाली. "भाऊ येणार असले की दर वर्षी मागून आणून ठेवते. परत नेऊन देते." दहा वर्षांत स्वल्पविरामानं हे मला सांगितलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पंख्याकडे पाहत होता.

मी पिशवीतून कागद काढले. म्हटलं, "आधी हे वाचते." मला वाटलं होतं, हे पुरेल. खोटं कशाला बोलू, ही चोरवाट मी बसमध्ये शोधून ठेवली होती. स्वल्पविरामासारखाच मीही अंदाज घेत होते.

म्हातारी सरकत खाटेच्या कडेला आली आणि डावा कान माझ्याकडे केला. मी मोठ्यानं वाचायला लागले. 'हे बघा' आलं तशी तिची मान हलली. "बापाचं ते. बापाचं उचललं त्यानं." खोकल्यापाशी मी थांबले आणि सांगितलं, इथे दोनदा खोकला. बायको म्हणाली, "तिसऱ्यांदा दाबला असेल. पाहुण्यांसमोर दाबायचे." रुसलेल्या जावयापाशी दोघी हसल्या, आणि म्हातारी नाकातून हसली. मी ते हसू ओळखलं. दहा वर्षं खरखरीत जे शोधत होते ते माझ्यापासून हातभर अंतरावर बसलं होतं. पुढच्या दोन ओळी मला नीट दिसल्या नाहीत.

"आई, तू बस ना," मी वाचलं, "साहेबांना बोलू दे."

"हो रे बाबा, बसले," म्हातारी म्हणाली.

पानं संपली. मग म्हातारीनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"छान वाचलंस पोरी. सगळं आलं. आता त्याला बोलू दे."

ड्रिलवाल्याच्या बायकोनं टॉवेल काढून त्याची घडी केली. यंत्राचं झाकण उघडलं. आतली जागा फुंकरीनं साफ केली आणि माझ्यापुढे हात पसरला, तळवा वर.

मी सांगून टाकलं. पण असं सांगितलं की ते माझ्या ओठांच्या बाहेर जेमतेम पडलं. पसरलेला हात तसाच राहिला, बोटं मात्र हळूहळू मिटली. तिनं स्वल्पविरामाकडे पाहिलं. त्यानं तोंड उघडलं, दम खाल्ला, आणि मिटलं.

"काय म्हणाली ती?" म्हातारी म्हणाली.

सून झाकणावरचा दुसरा हात काढेना.

"अगं, काय म्हणाली? मोठ्यानं सांग ना. या कानात सांग."

मी उठले. खाटेवर तिच्याशेजारी बसले, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ, आणि तिच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. तिच्या केसांना तेलाचा वास होता. रांगेतल्या सगळ्या खोल्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, शब्द शब्द सुटा करून, मी म्हटलं,

"आजी, तुमच्या मुलाचा आवाज आता कुठेच नाही. तो मी पुसला."